होडी चिखलात असेपर्यंत

दुपारच्या भरतीला गावची शर्यतीची होडी चिखलातून वर यायची होती, आणि बिंगचाऊच्या हातात जेमतेम दोन तास उरले होते.

ग्वाईलानने त्याच्यासमोर चहाचा पेला आदळला. थडगी झाडायच्या सणापासून, म्हणजे चांगले पाच आठवडे, तिने नवऱ्याशी अबोला धरला होता. आज तो तिने स्वतःच मोडला.

"आज होडी निघाली की तुमच्या तोंडाला पुन्हा दीड महिना कुलूप," ती म्हणाली. "त्याच्या आत तो शब्द म्हणून टाका. थडग्यापाशी जमलं नाही, निदान घरात म्हणा. पोराच्या फोटोसमोर."

बिंगचाऊ पेल्यातल्या पानांकडे बघत बसला.

"वर्षभर होडी चिखलात होती. वर्षभर जीभ मोकळी होती," ती म्हणाली. "कुठं गेली होती तुमची जीभ?"

हा सगळा घोळ एका शब्दाचा होता. साखाऊ गावच्या बोलीत 'परत ये' म्हणायचं तरी 'फान' आणि 'पालथी हो' म्हणायचं तरी 'फान'. कानाला दोन्ही एकच. होडीला त्यातला फरक कसा कळावा? म्हणून चौथ्या महिन्यात ती खाडीच्या चिखलातून निघाल्यापासून शर्यती संपवून, लाकूड तडकू नये म्हणून पुन्हा चिखलात पुरेपर्यंत गावात हा शब्द कुणी उच्चारत नाही. आया पोरांना हाक मारतात ती 'सरळ ये रे जेवायला' अशी. शहरातून आलेल्या सुनांना पहिल्या वर्षी हसू येतं, दुसऱ्या वर्षापासून त्याही सरळच बोलायला लागतात.

आणि या बाबतीत सगळ्यांत कडक कोण, तर बिंगचाऊ. तीस वर्षं तो होडीचा तांडेल होता. शेपटाशी उभा राहून लांब सुकाणू धरायचा आणि ऐंशी वल्हेकऱ्यांच्या गलक्यातही कुणी 'फा' म्हणाला तर त्याचे कान टवकारायचे. शब्द पुरा झाला की माणूस होडीबाहेर, मग तो सख्खा मेहुणा का असेना. मेहुण्यालाही त्याने एकदा काढला होता आणि त्यावरून सासुरवाडीत दोन वर्षं तोंड दाखवायची सोय राहिली नव्हती.

चार वर्षांपूर्वी तो शब्द याऊतिंग बोलला. बिंगचाऊचा एकुलता एक पोरगा, चौदाव्या बाकावरचा, हातात बैलाचं बळ आणि जिभेला हाड नाही. शर्यतीच्या सुरुवातीला शेजारच्या गावची होडी जरा मागे राहिली, तेव्हा हा पठ्ठ्या ओरडला, "अरे फान, फान, आईनं बोलावलंय." सगळी होडी हसली. त्या शर्यतीत साखाऊची होडी हातभर मागे पडली आणि हरली.

हरायची शंभर कारणं असतात. बिंगचाऊला एकच दिसलं. सगळ्या गावासमोर, वेशीतल्या देवळाच्या पायरीवर, त्याने पोराचं वल्हं काढून घेतलं. पोरगं म्हणालं, मग मी गावातच राहत नाही. बाप म्हणाला, "जा. आणि तोच शब्द मी माझ्या तोंडानं तुला म्हणेपर्यंत या घाटाला पाय लावू नकोस." रागात माणूस बोलून जातो तसं बोलणं. पण दोघंही एकाच मातीचे. पोरगं उत्तरेकडच्या एका बंदरात जहाजांना रंग मारायच्या कामाला लागलं आणि तीन वर्षं ना ते आलं, ना बापाने बोलावलं. आईशी मात्र दर आठवड्याला फोन व्हायचा.

गेल्या वर्षी शर्यतीच्या आदल्या दिवशी त्याने बापाला फोन केला. बिंगचाऊ तेव्हा होडीच्या शेपटाला तेल चोळत होता.

"बाबा, म्हणून टाका की," याऊतिंग म्हणाला. "रात्रीची गाडी धरतो. उद्या वल्हं मारायला हजर."

बिंगचाऊ दोनदा खोकला. "सरळ ये," तो म्हणाला.

"छे. ते नाही चालायचं. ज्या शब्दासाठी मला हाकललंत, तोच पाहिजे."

पोरगं हसत होतं. चेष्टाच करत होतं, हे बिंगचाऊला कळत होतं. पण हात होडीवर होता आणि होडी ऐकत होती.

"होडी चिखलात जाऊ दे, मग म्हणतो," तो म्हणाला. "बारा दिवसांचा तर प्रश्न आहे."

"बारा तर बारा. तुमची होडी आधी, मी मागून. लहानपणापासून सवय आहे मला."

नवव्या दिवशी बंदरातली परांची कोसळली. त्यावर तिघं उभे होते. दोघं वाचले. याऊतिंग घरी आला तो मातीच्या बरणीत.

बिंगचाऊ चहा न पिता उठला. आतल्या खोलीत फोटोसमोर उभा राहिला. फोटो नोकरीच्या अर्जासाठी काढलेला, त्यातल्या पोराचे केस पाण्याने चापून बसवलेले, चेहरा जरा घाबरलेला. बिंगचाऊने तोंड उघडलं. वर्षभर जे व्हायचं तेच झालं. ज्याला ऐकू येत नाही त्याला 'परत ये' म्हणायचं म्हणजे तो येणार नाही हे कबूल करणं. जोवर शब्द शिल्लक आहे तोवर काहीतरी शिल्लक आहे, असं त्याच्या वेड्या मनाने धरून ठेवलं होतं. हे बायकोला सांगावं असं त्याला कितीदा वाटलं, पण तेही जमलं नव्हतं.

बाहेर झांजा वाजायला लागल्या, तसा तो फोटोसमोरून निघाला.

ज्या घरात मरण झालं, त्या घरच्याने वर्षभर होडीला हात लावायचा नाही. हाही नियम, आणि तोही बिंगचाऊनेच आयुष्यभर सगळ्यांकडून पाळून घेतलेला. म्हणून तो पाण्यापासून दहा पावलांवर वडाखाली उभा राहिला. ज्यांना त्याने वल्हं धरायला शिकवलं ते आज छातीभर पाण्यात उतरले होते आणि पायांनी चाचपून होडीवरचा चिखल ओंजळीओंजळीने उपसत होते, तिला तळाशी धरून ठेवणारे खुंट उपटत होते. पलीकडे बायकांच्या कढया रटरटत होत्या. भाजलेल्या बदकाचा वास सगळ्या काठावर पसरला होता.

नवा तांडेल सामयुन. चौदाव्या बाकावर याऊतिंगच्या शेजारी बसणारा, दोघं एकाच वर्षी जन्मलेले. तो पाण्यातून ओरडला, "काका, नुसते बघताय काय? चुकलं तर शिव्या तरी घाला."

"डावीकडचा खुंट अजून निघाला नाही," बिंगचाऊ म्हणाला. "तुझे डोळे काय बदकाच्या कढईत पडलेत?"

लोक हसले. बिंगचाऊही हसल्यासारखा झाला.

खुंट निघाला. पाणी चढलं. माणसांनी दोन्ही बाजूंनी होडी धरून हलवायला सुरुवात केली, इकडे तिकडे, इकडे तिकडे, चिखलाची पकड सुटेपर्यंत. मग खालून एक मोठा सुस्कारा यावा तसा आवाज झाला, बुडबुडे फुटले, आणि ती वर आली. काळीभोर, चिखलाने माखलेली, शंभर वर्षांची. बादल्यांनी पाणी बाहेर पडू लागलं. एकेक बाक दिसायला लागला. बारावा. तेरावा. चौदाव्या बाकावर दोघांची जागा होती, तिथे फक्त चिखल बसला होता.

होडी दर वर्षी जाते आणि दर वर्षी येते. बिंगचाऊला एवढंच दिसलं.

"फान," तो म्हणाला.

स्वतःचाच आवाज त्याला ओळखू आला नाही. मग तो ओरडला, तीस वर्षं ज्या गळ्याने ऐंशी माणसं हाकली त्या गळ्याने ओरडला. "याऊतिंग, फान रे. परत ये, पोरा. परत ये."

झांजा थांबल्या. होडी पाण्यावर तरंगत होती, उघडी, नुकती जागी झालेली, आणि काठावर दीडदोनशे माणसं उभी होती. ढोलाजवळच्या म्हाताऱ्या फुकतिमने डोळे मिटून घेतले. होडी वर येत असताना असं कधीच झालं नव्हतं. असं झालं तर होडी त्या वर्षी शर्यतीला उतरत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि हे ठाऊक करून देणारा माणूस वडाखाली उभा होता.

सगळे सामयुनकडे बघू लागले. त्याने हाताने तोंडावरचा चिखल पुसला. बराच वेळ पुसत राहिला.

"काका काहीतरी म्हणाले वाटतं," तो शेवटी म्हणाला. "माझ्या कानात पाणी गेलंय. फुकतिम आजोबा, तुम्ही काही ऐकलं?"

"मी? मला ढोल ऐकू येत नाही हल्ली," फुकतिम म्हणाला.

"आणखी कुणी?"

कुणीच ऐकलं नव्हतं. पाण्यातल्यांनी नाही, काठावरच्यांनी नाही, कढईपाशीच्या बायकांनी नाही. एकेकाने मान हलवली. मग फुकतिमने ढोलावर टिपरी मारली, झांजा सुरू झाल्या, फटाके उडाले आणि सामयुन पाठ वळवून होडीचं शेपूट धुवायला लागला. त्याचे खांदे हलत होते.

गावाने त्याच्यावर केवढा उपकार केला हे बिंगचाऊला कळत होतं. सामयुनच्या जागी तो स्वतः असता तर त्याने केला नसता, हेही कळत होतं. त्याने काठाकडे बघून खाली वाकून नमस्कार केला आणि घराची वाट धरली.

ग्वाईलान दारात उभी होती. घर खाडीवरच होतं. सणाच्या पंगतीला सुतकाचं घर जात नाही, म्हणून कुणीतरी बदक आणि भाताचं झाकलेलं भांडं आणून ठेवलं होतं. तिने ते उघडलं आणि त्याच्यासमोर वाढायला घेतलं.

"म्हटलं मी," तो म्हणाला. "सगळे म्हणाले, ऐकलं नाही."

"हं."

"तू ऐकलंस?"

"ऐकलं," ती म्हणाली. भाताचा एक वाडगा त्याच्यापुढे, एक स्वतःपुढे, आणि तिसरा भरता भरता तिचा हात थांबला. "पण मी कुठं गेले होते, परत यायला?"

तिने तिसरा वाडगा तसाच अर्धा भरलेला फोटोसमोर नेऊन ठेवला.