अर्धा धवला

भामानं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि वाचनालयातल्या शेवटच्या बाकावर टेकली, तीही अंग चोरून. घरून निघताना सत्यवतीनं बजावलं होतं, "आई, तिथं काय बोलू नको हां."

बोलायची हौस कुणाला होती! पण शब्द लागला होता. पोर मास्तरीण झाली, पनवेलात राहायला लागली. आता आईची बोली चारचौघांत लाजवत असणार. मिठागरांकाठच्या गावांत लग्न ठरलं की गाण्यांसाठी आधी भामा धवलारणीच्या दारात गाडी यायची. अन् इथं तिनं गप्प बसायचं!

सत्यवती उभी राहिली. समोर धोतर-कोटवाली मंडळी. विषय होता चिरनेरच्या सत्याग्रहावर बेतलेली नवी कादंबरी आणि तिच्यात दिसणारा काळ.

"मोर्चा, बंदुका, तुरुंग, लेखकानं सगळं चोख टिपलंय," सत्यवती म्हणाली. "पण बायका? त्या पानोपानी दारात उभ्या राहून रडतायत. आगरी घरातलं लग्न आहे, आणि त्यात धवलारीण नाही! तिच्या धवल्याच्या गाण्याशिवाय आमच्यात लग्न लागत नाही. या कादंबरीत काळ दिसतो खरा, पण सडकेवरून पाहिलेला. काय लिहायचं राहून गेलं, त्यातूनही तो काळ कळतोच."

भामाला थोडं कळलं, थोडं नाही. पण पोरीचा आवाज कापत नव्हता.

अध्यक्ष आपटे वकील म्हणाले, "धवला म्हणजे कसा असतो? एखादी ओळ म्हणाल?"

सत्यवतीनं हळदीचा धवला लावला. दोन ओळी म्हटल्या, थांबली आणि कागद उलटून पुढच्या मुद्द्याकडे वळली.

अगं बया! लावलेला धवला अर्ध्यात सोडायचा नसतो, नवरीच्या संसाराला ते बरं नाही. आणि ही पोर तर अजून लग्नाची! भामानं ओठ आवळले, पदर तोंडात धरला. नाही जमलं. ती उठली आणि तिथूनच तिसरी ओळ उचलली.

सगळ्या माना मागं वळल्या. भामाला त्यांचं भान नव्हतं. देवांना आवतण गेलं, धरतरीला गेलं, नवरीच्या मामाला गेलं. धवला पुरा झाला तेव्हा कुठं तिला आपण कुठं आहोत ते आठवलं, आणि ती मटकन खाली बसली.

"या कोण?" वकिलांनी विचारलं.

"माझी आई. भामा धवलारीण. चिरनेरच्या साली दारात पोलीस उभे असताना हिनं मांडवात गाऊन लग्न लावलंय."

टाळ्या पडल्या. वकील स्वतः उठून उभे राहिले.

बाहेर येताच भामानं पोरीला धरलं. "अर्ध्यात सोडतात का गो? शिकवलं व्हतं ना तुला?"

"शिकवलंस, म्हणून तर सोडला."

"मंग बोलू नको का म्हनालीस?"

"बोलली असतीस, तर 'मी अडानी, मला काय येतंय' हेच सांगत सुटली असतीस. गाऊ नको कुठं म्हटलं?"

"लबाड कुठची!" भामा म्हणाली आणि डोळे पुसायला पदर शोधू लागली. तो केव्हाच खांद्यावर घसरला होता.

यष्टीच्या थांब्यावर गावची वेणू भेटली. "कुठं गेलतीस गो, भामा?"

"भाषनाला."

"कुनाच्या?"

भामानं मान ताठ केली. "आमचं दोगींचं व्हतं."