परसोंचा बशीर

हसू नका, पण मी फुटबॉल बोलतोय. पोटात हवा नाही, ब्लॅडर कधीच फाटलं, वादी उंदरानं कुरतडली, तरी बोलतोय. हवा होती तेव्हा बोलता आलं असतं तर एका माणसाचं भलं झालं असतं. पण आमच्या जातीचं नशीबच असं. अंगात दम असेतोवर नुसत्या लाथा खायच्या.

माझा जन्म सियालकोटचा. एका म्हाताऱ्या कारागिरानं अठरा चामडी पट्ट्या दोऱ्यानं शिवून मला गोल केलं. तिथून आगगाडीनं आलो तो थेट निजामाच्या राज्यात, औरंगाबादेच्या एका कॉलेजात. तीन वर्षं तिथल्या बुटांच्या लाथा खाल्ल्या. त्यामुळं त्या कॉलेजची टीम मला जेवढी माहीत तेवढी त्यांच्या प्रोफेसरलाही माहीत नसेल. कोण घाबरून डोळे मिटतो, कोण पंचाकडं बघून पडतो, सगळं ठाऊक.

त्या टीमचा जीव म्हणजे बशीर. उजव्या बाजूनं यायचा, दोघांना चकवायचा, एकदम उलटा वळायचा आणि मला असा हाणायचा की गोलरक्षक मला शोधत बसायचा! पण तो शिकून बाहेर पडला आणि हैदराबादेत पोलिसात लागला. वसतिगृहातली त्याची खाट रिकामी झाली. त्यानंतर त्या टीममध्ये एकटा खेळणारा कुणी उरलाच नाही. तेव्हा प्रोफेसरनं नवी रीत बसवली. मला कुणी पायात धरून ठेवायचं नाही. आखूड पास द्यायचा, दुसऱ्यानं लगेच तिसऱ्याला द्यायचा, आणि सगळे मिळून मैदानाच्या मधून घुसायचे. सहा महिने मी त्या नव्या खेळात घुसळून निघालो. मग माझी शिवण सैल झाली, आणि जुना माल म्हणून मला परभणीच्या शाळेला देऊन टाकलं.

परभणीत मला विष्णुपंत मिळाले. ते शाळेचे ड्रिल मास्तर. शिट्टी गळ्यात, टोपी कपाळावर, आवाज असा की पलीकडच्या गल्लीतली गुरं माना वर करायची. त्यांनी मला एरंडेल चोळलं, शिवण घट्ट करून घेतली. इथली पोरं अनवाणी खेळायची. बुटांनंतर ते मऊ पाय लागले आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

त्यातला एक पाय तर असा होता की काय सांगू! लिंबाजीचा डावा पाय. लिंबाजी पेडगावचा. बाप नव्हता. आई धुरपताबाई दुसऱ्यांच्या रानात निंदायला जायची. अठरा वर्षांचा उंच, अबोल पोरगा, नुकताच मॅट्रिक झालेला, तरी मास्तरांच्या टीममधूनच खेळणारा. त्याच्या डाव्या पायाला मी लागलो की मला माझं वजनच जाणवायचं नाही. तो फॉरवर्ड होता, गोल मारायलाच जन्मलेला. बशीरनंतर असा पाय मी पाहिला नव्हता.

आणि त्याच सुमारास औरंगाबादेच्या प्रोफेसरचं पत्र आलं. आजूर महिना लागला की निजामाचं सरकारी फसली साल बदलतं आणि नवा हंगाम सुरू होतो. हंगामाचा पहिला सामना परभणीत खेळू, असं त्यात लिहिलं होतं. खाली एक ओळ होती: 'एखादा मुलगा पसंत पडला तर कॉलेजात फी माफ आणि वसतिगृहात जागा देऊ.'

विष्णुपंतांनी ती ओळ लिंबाजीला दोनदा वाचून दाखवली. "हे तुज्यासाठीच हाय बघ," ते म्हणाले. "नसता मामा तुला जिनात घालायला टपलाच हाय."

जिन म्हणजे सरकी काढायचा कारखाना.  त्या दिवशी लिंबाजीनं मला शाळेच्या कपाटात ठेवण्याआधी सदऱ्यानं पुसलं.

मला तर आनंदानं फुगून फुटायची वेळ आली होती. कारण ती जागा कुणाची होती ते मला माहीत होतं. बशीरची रिकामी खाट! त्यांना फॉरवर्डच हवा होता. लिंबाजीनं नुसतं पुढं राहून दोन वेळा मला मारलं असतं तरी काम झालं असतं.

पण मग दिनकरराव मध्ये आले. तहसिलीतले कारकून, खेळाचे भारी शौकीन, आणि उर्दूचे त्याहून भारी. उर्दूच्या परीक्षेत पहिले आले होते ते सगळ्या परभणीला माहीत, कारण ते स्वतःच सांगत. ते म्हणाले, "मास्तर, शत्रूची बातमी काढल्याशिवाय लढाई करायची नसती. मी जातो औरंगाबादेला, बघून येतो त्यांची टीम."

गेले. पण कचेरीला सुट्टी शुक्रवारची, म्हणून शुक्रवारी गेले. कॉलेजलाही शुक्रवारचीच सुट्टी! मैदानावर चिटपाखरू नाही. होता फक्त माळी, हैदराबादचा म्हातारा. त्याला मी चांगला ओळखतो, माझ्यावर पाणी उडवायचा. दिनकररावांनी त्याला विचारलं, तुमच्यात खेळाडू कोण भारी? म्हातारा खुलला.

"बशीर मियाँ! अरे साब, परसोंइच चार गोलां मारे इधर. सीधी बाजू से आते, दो जनों को चकमा देते, पलट के मारते. नक्को पूछो!"

झालं. दिनकरराव रात्रीच्या गाडीनं परत आले ते विजयी मुद्रेनं.

आता तुम्हीच बघा. पुस्तकातल्या उर्दूत परसों म्हणजे परवा. शुक्रवारी सांगितलं म्हणजे बुधवारी चार गोल. पण हैदराबादच्या माणसाचा परसों असा नसतो हो! काल सोडून मागं गेलेला कुठलाही दिवस त्याला परसों. त्याचं स्वतःचं लग्न परसों झालेलं असतं, आजा परसों वारलेला असतो, आणि मुसी नदीला तो मोठा पूर आला तोही परसोंच. मी त्या माळ्याच्या सहवासात तीन वर्षं काढली, मला हे कळतं. परीक्षेत पहिल्या आलेल्याला कसं कळावं?

शनिवारी शाळेच्या फळ्यावर दिनकररावांनी खडूनं मैदान काढलं. मी टेबलावर होतो. "हा बशीर. इकडून येतो. असा वळतो. असा मारतो." एकेक शब्द खरा होता. फक्त दोन वर्षं शिळा होता.

विष्णुपंतांनी फळ्यावरच्या बशीरवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "मग त्याला अडवायला आपल्यातला सगळ्यात पळणारा माणूस पाहिजे. लिंबाजी, तू फुडं खेळायचं न्हाई. तू मागं. डावा कोपरा धर आन् बशीरला सोडू नको."

"मास्तर," लिंबाजी हळूच म्हणाला, "मी फुडं असलो तर त्या सायबाला दिसल तरी."

"अरे, बशीरला अडवणारा दिसणार न्हाई तर कोण दिसंल?" दिनकरराव म्हणाले.

"आन् त्यो आलाच न्हाई तर?"

सगळे हसले. "बुधवारी चार गोल मारलेला माणूस दहा दिवसांत कुठं जातो रे, लेका?"

मी टेबलावरून गडगडत खाली पडलो. दुसरं काय करणार होतो? कुणीतरी मला उचलून पुन्हा टेबलावर ठेवलं.

सामन्याचा दिवस आला. लिंबाच्या झाडाखाली खुर्ची टाकून प्रोफेसर बसला. पेडगावहून धुरपताबाई आली होती, धडुत्यात भाकरी बांधून. ती बायामाणसांत एका बाजूला बसली. तिला खेळातलं काही कळत नव्हतं. पोरगं आज शिकायला जायचं ठरणार, एवढंच कळत होतं.

औरंगाबादची टीम उतरली. उजव्या कोपऱ्यात एक किडकिडीत पोरगा उभा राहिला. बशीरचं तोंड परभणीत कुणी पाहिलेलं होतं का? दिनकरराव ओरडले, "त्योच! त्योच बशीर! धर त्याला, लिंबाजी!"

त्या पोराची पहिली लाथ मला लागली आणि माझं तोंडच कडू झालं. अकरावा माणूस कमी पडला म्हणून धरून आणलेला दिसत होता. चष्मा काढून ठेवला असावा, कारण लाथ मारताना त्यानं मला निम्मं चुकवलं. पुन्हा कुणी मला त्याच्याकडं पाठवलंच नाही. आणि लिंबाजी, माझा लिंबाजी, त्याच्याजवळ हातभर अंतरावर, वाकून, दात आवळून उभा.

बाकीचे जसे मला माहीत होते तसेच मधून आले. आखूड पास, आखूड पास, गोल. पुन्हा मधून, पुन्हा गोल. आमची पोरं आंधळ्यासारखी धावत होती आणि डावा कोपरा तेवढा बंद होता, जिथून कुणी येणारच नव्हतं.

"कसा गप हाय बघा, डाव टाकायलाय," दिनकरराव विष्णुपंतांना सांगत होते. तिसरा गोल झाला तरी सांगत होते.

धुरपताबाई शेजारणीला म्हणाली, "माय, समदे पळायलेत, माजंच लेकरू एका जागी का हुबं ऱ्हायलंय? पाय दुखायलाय का त्याचा?"

एवढ्या माणसांत खेळ कळला तो तिला एकटीला.

शेवटची पाच-सहा मिनिटं उरली होती. त्यांच्या एकाची लाथ चुकली आणि मी उडालो तो सरळ लिंबाजीच्या डाव्या पायावर. त्यानं मला असं अलगद झेललं की मी श्वासच रोखला. समोर सगळं मैदान मोकळं. त्यांचे सगळे पुढं आलेले, मागं फक्त एक बॅक आणि गोलरक्षक. प्रोफेसर खुर्चीत पुढं सरकला. मी स्वतः पाहिलं. लिंबाजीनं दोन पावलं टाकली. चल, म्हटलं, चल राजा!

"जागा सोडू नको!" विष्णुपंतांचा तो आवाज. "लिंबाजी, जागा!"

तो थांबला. एकदा त्यानं मास्तरांकडं बघितलं. ज्यांनी शिकवलं, सामन्यादिवशी घरचं जेवू घातलं, त्यांचा शब्द त्यानं कधी मोडला नव्हता. त्यानं मला मैदानाबाहेर मारलं आणि धावत आपल्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला.

पाच गोलांनी हरलो. लिंबाजी भाकरी खायला आईकडं गेला. इकडं चहाच्या वेळी दिनकररावांनी पाहुण्या कप्तानाला अदबीनं विचारलं, "बशीर साहब आज कुछ खेले नहीं?" कप्तानाला आधी कळेचना. मग तो इतका हसला की कपातला चहा सांडला. "बशीर? वो तो दो साल से पुलिस में है, जनाब!"

 विष्णुपंतांच्या हातात मी होतो. त्यांची बोटं माझ्यात रुतली.

तेवढ्यात प्रोफेसर आला. म्हणाला, "मास्टर साहब, सगळा वेळ मी एक फॉरवर्ड शोधत होतो. तुमच्याकडं नाहीच का कुणी?" आणि मग दयेनं, "तो कोपऱ्यातला उंच मुलगा लंगडा आहे का?"

विष्णुपंतांनी तोंड उघडलं. सांगायला हवं होतं हो! आत्ताच्या आत्ता लिंबाजीला बोलवा, दहा लाथा मारून दाखवा, मी होतो ना हातात! पण कप्तान अजून हसत होता, चार माणसं बघत होती, आणि मास्तरांना लाज आवरेना. "न्हाई, तसं काही न्हाई," एवढंच म्हणाले. गाडीची वेळ झाली होती. पाहुणे गेले.

लिंबाजी आला. "काय म्हणले सायब?"

विष्णुपंत माझ्याकडं बघत बोलले, त्याच्याकडं नाही. "त्यांनी तुजा खेळ बघितला, लिंबाजी. त्यांना पसंत पडला न्हाई."

दुसऱ्या वर्षी मास्तरांची बदली झाली. जाताना त्यांनी मला लिंबाजीच्या हवाली केलं. खरं मात्र तेव्हाही सांगितलं नाही.

आज आठ वर्षं झाली. निजामाचं राज्यसुद्धा गेलं म्हणतात. मी पेडगावात, धुरपताबाईच्या उतरंडीमागं चपटा होऊन पडलोय. लिंबाजी जिनातून येतो तेव्हा केसात कापूस असतो आणि छातीत खोकला. जिनात लागला त्याच वर्षी एकदा आई म्हणाली, "तू शिकला असता तर?" तो म्हणाला, "आपला पायच तेवढा न्हवता, माय. त्यांनी बघितला ना." अगदी शांतपणे म्हणाला.

पायच नव्हता! अरे, त्या पायाची साक्ष मी देतो. पण फुटबॉलाची साक्ष त्या घरात कोण ऐकणार?

म्हणून तुम्हाला विनवतो. कधी पेडगावाकडं जाणं झालं तर त्याला एवढं सांगा, की तुझा खेळ त्यांनी बघितलाच नव्हता. जवळ जाऊन, मोठ्यानं सांगा. आणि तरी तो नुसता तुमच्या ओठांकडं बघत राहिला तर रागावू नका. जिनाच्या घरघरीत त्याचे दोन्ही कान गेलेत.