आवाज आला की तेल

सासरेबुवांनी तेहतीस वर्षं पंपहाउसात काढली आणि तिथून एकच विद्या घेऊन ते निवृत्त झाले: आवाज आला की तेल घालायचं. पंप कुरकुरला, तेल. दार करकरलं, तेल. घरातलं माणूस कुरकुरलं की मात्र त्यांची पंचाईत व्हायची, कारण सुनेला तेल नेमकं कुठून घालणार?

ही सून रोज सकाळी लेकीला गाडीतून शाळेत सोडायची आणि तशीच कामावर जायची. शाळेच्या वाटेवर लांबलचक उतार. गेल्या आठवड्यापासून त्या उतारावर ब्रेक दाबला की गाडी अशी किंचाळायची, की फुटपाथवरची माणसं वळून बघायची. मेकॅनिकला दाखवू या, असं ती तीनदा म्हणाली. सासरेबुवांनी मागच्या सीटवर बसून, डोळे मिटून एक फेरी मारली आणि निदान सांगून टाकलं. दोष गाडीत नाही, पायात आहे. सूनबाई ब्रेक दाबत नाहीत, तुडवतात. मेकॅनिकनं तसं सांगितलं तर तिनं गाडीची चावी सोडायची, हेही त्यांनी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं.

"चालेल," सून म्हणाली. "आणि चूक दुसऱ्या कुणाची निघाली, तर त्यानं सोडायची."

चावी गेली तर लेकीला घेऊन दोन बस बदलाव्या लागणार, हे तिला ठाऊक होतं. चिरंजीवांपुढे इकडे आड, तिकडे विहीर; त्यांनी मीठ मागितलं.

शनिवारी मेकॅनिककडे जायचं ठरलं आणि शुक्रवारी संध्याकाळी सासरेबुवांच्या मनात पाल चुकचुकली. पायाचा दोष निघालाच नाही तर? पण हार मानतील ते सासरेबुवा कसले! लांब चोचीची तेलाची बुधली घेऊन ते खाली उतरले आणि पुढच्या दोन्ही चाकांच्या फटींतून आतल्या ब्रेकच्या चकत्यांवर त्यांनी सढळ हातानं धार सोडली. उद्या गाडी आपण चालवायची. आपल्या पायाखाली ती गप्प राहील, मेकॅनिक हात हलवून परत पाठवेल आणि सूनबाईंची बोलती बंद. याला म्हणतात डोकं, असं त्यांनी स्वतःलाच सांगितलं.

सकाळी ते चालवायला बसले, शेजारी चिरंजीव, मागे सून. पहिल्या वळणावर त्यांनी ब्रेक दाबला. आवाज नाही. गाडी जरा लांब जाऊन थांबली, पण थांबली. "याला म्हणतात मऊ पाय," ते आरशात बघून म्हणाले.

गॅरेजच्या फाटकात त्यांनी पुन्हा मऊ पाय ठेवला. मग जोरात ठेवला. मग तुडवला. गाडीनं त्यांना धूप घातला नाही. मेकॅनिक उडी मारून बाजूला झाला, चिरंजीवांनी डोळे मिटले आणि सुनेनं मागून वाकून दोन सीटांमधला हँडब्रेक ओढला. गाडी जुन्या टायरांच्या ढिगाला टेकली आणि वरचा एक टायर बॉनेटवर येऊन पडला.

मेकॅनिकनं चाक काढलं, चकतीवर बोट फिरवलं आणि बोटाचा वास घेतला. ब्रेकचे पॅड पार झिजले होते. पॅड बदलायची वेळ आली की ओरडावी म्हणून त्याला पत्र्याची एक पट्टी मुद्दाम लावलेली असते, तीच आठवडाभर ओरडत होती, असं त्यानं सांगितलं. मग विचारलं, "ब्रेकवर तेल कुणी ओतलं?"

"गळत असेल कुठून तरी," सासरेबुवा म्हणाले.

दोन्ही चाकांवर सारखंच गळालं काय, असं मेकॅनिकनं विचारलं. चिरंजीवांनी घाईघाईनं न्याय दिला: कुणी का ओतलं असेना, यापुढे दोघांनीही गाडी चालवू नये. असला न्याय द्यायला फार हिंमत लागत नाही.

सुनेनं नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, मेकॅनिकनं नुसतं ऐकून परत पाठवलं असतं, तर सोमवारी मी याच गाडीनं उतारावर गेले असते. मागे तुमची नात."

नात मागच्या सीटवर दप्तर मांडीवर घेऊन बसते, हे सासरेबुवांना आता आठवलं. धार सोडताना आठवलं नव्हतं. ते ढिगातल्या एका टायरावर बसले. त्यांनी खिशातली चावी काढून सुनेच्या हातात दिली.

"तेल मी घातलं," ते म्हणाले.

तेवढ्यावर राहिले असते तर ते सासरेबुवा कसले?

"पण आवाज गेला होता," ते म्हणाले, "हे तर मान्य कराल?"

"ब्रेकच गेले होते, काका," मेकॅनिक दुसरं चाक सोडवत म्हणाला. "ओरडणार कोण?"

सुनेनं चावी पर्समध्ये टाकली आणि नवे पॅड सोमवारच्या आत बसतील का, ते विचारलं.