तापीकाठी चोरीची तालीम

मगनकाकाने आज दाढी केली नाही.

नोव्हेंबरात तांबड्या समुद्राचं पाणी पंचवीस अंश असतं.

भिकुबाईचं माहेर खापर गावचं. तिथलं कुणी भेटलं की ती आधी चहा विचारते, मग नाव.

पासपोर्टच्या फोटोत चेतना हसत नाही. हसू देत नाहीत.

पपई भरायला ट्रक अकराला येणार. त्याआधी उरकायचं.

*

उरकायचं ते हे.

चेतना शाळेत विज्ञान शिकवते. मालवणला ती पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राखाली जायला शिकली. आता तिला त्यासाठीच इजिप्तला, तांबड्या समुद्रावर जायचंय. तिकीट काढलेलं नाही, कारण वडील, बन्सीलाल, हो म्हणत नाहीत. त्यांना माशांची भीती नाही, खोल पाण्याचीही नाही. पंधरा दिवस ते मोबाइलवर वाचत होते. परदेशात लोक पाण्याखाली असताना काठावरच्या बॅगा जातात. टॅक्सीवाला भलतीकडे नेतो. कुणी ओळख काढून सरबत पाजतं, जाग येते तेव्हा खोली रिकामी.

"वर चोर, खाले तू. तुले कसं समजी?"

म्हणून सारंगखेड्याच्या घाटावर तालीम. चेतनाने बॅग काठावर ठेवून वीस मिनिटं पोहायचं, तोंड पाण्यात, श्वासाची नळी वर. चोर मगनकाका.

"बॅग गयी ते जानं बी गयं," बन्सीलाल म्हणाले.

"मंजूर, आबा."

"चोर म्हनीसन मीच का?" मगनकाका कुरकुरला.

"तुन्हं तोंडच तसं शे, काका."

*

मिनिट पहिलं.

घाटावर भिकुबाई गोधड्या धूत होती. तिला तालमीतलं काही ठाऊक नव्हतं. चेतनाने बॅग तिच्या शेजारी ठेवली. "काकी, ध्यान ठेवजो. मी पाणीमा शे."

"जाय बिनघोर."

*

मिनिट अकरावं, पाण्यात. हिरवट उजेड. हातभर अंतरापलीकडे काही नाही. उथळ तळाशी एक काचेची बांगडी, अख्खी. आपल्याच श्वासाचा आवाज. चेतनाला फार बरं वाटलं. बॅगेची आठवणही नव्हती.

मिनिट अकरावं, काठावर. वाळत घातलेल्या गोधड्यांमागून रांगत यायचा मगनकाकाचा बेत होता. गुडघे नाही म्हणाले. तो सरळ चालत आला.

"भिकुबाई, मन्ही पुतणीनी बॅग दी दे."

"लयी जा. पन आधी हाई धर."

त्याने दोन गोधड्या पिळून दिल्या आणि बॅग घेऊन गेला.

*

"काकी, बॅग?"

"तुन्हा काका लयी गया."

"कसाले दिधी?"

"आता घरना मानूसले नही म्हनू?" भिकुबाईने गोधड्या बडवायचं लाकूड उगारलं. "बाहेरना चोर ऱ्हाता ते हाई धोपटनं घाली देती डोकामा!"

बन्सीलाल पायरीवर बसले होते, मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलेलं. जिंकल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर दिसत नव्हता.

"गयं," ते म्हणाले.

"उघाडा ते खरं," चेतना म्हणाली.

मगनकाकाने चेन ओढली. टॉवेल. तीन केळी. पासपोर्टची झेरॉक्स.

"पासपोर्ट कोठे शे?" बन्सीलालनी विचारलं.

"घर, कपाटमा." तिने गळ्यातल्या दोरीला बांधलेली किल्ली दाखवली. दोरीतून पाणी गळत होतं. "तठे हॉटेलमा लॉकर ऱ्हास. काठवर लयी जानंच नही, आबा. चोरले टॉवेल पाहिजे ते लयी जाऊ दे."

बन्सीलालनी दोरी ओढून गाठ तपासली.

"मंग माले कसाले बसाडं?" भिकुबाईने विचारलं.

"बॅगसाठी नही, काकी. मी पाणीमा शे हाई कोनले तरी मालूम पाहिजे."

"तुन्ही नळीवरच नजर व्हती मन्ही. गोधडी पिळताना बी."

हे ऐकून बन्सीलालनी घड्याळ पुन्हा मनगटावर चढवलं. मग एकेक बोट दुमडत, सावकाश: टाकी देणाऱ्या दुकानाचा परवाना आधी बघायचा. टॅक्सीत एकटीने बसायचं नाही. सरबत तर मुळीच नाही.

"आन तठली भिकुबाई सोधजो. पहिलाच दिन. कव्हय उतरशी, कव्हय वर येशी, तिले सांगीसन जाय."

"सोधसू."

"मंग काढ तिकीट."

चेतना ओल्या अंगाने त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. ते सरकले नाहीत. मगनकाका एव्हाना दुसरं केळ सोलत होता.

"देखा," भिकुबाई म्हणाली, "चोर कसा खाई ऱ्हायना!"

सगळे हसले, मगनकाका सगळ्यात जास्त. तिसरं केळ त्याने भिकुबाईला दिलं. पुलावरून पपईचा ट्रक येताना दिसत होता, पण कुणी उठलं नाही.

*

दोन हजार अकरा साली, सारंगखेड्याच्याच घोड्यांच्या यात्रेत बन्सीलालची घोडी चोरीला गेली, तेव्हा ते तापीत अंघोळ करत होते आणि राखणीला मगन बसला होता.