पोटुशीच्या ताटातली काळी भाजी

मी कढई बोलतेय. लोखंडाची, जाड बुडाची. येरमाळ्याच्या यात्रेत एका घिसाड्यानं मला ठोकून घडवलं आणि गजराबाईंनी भाव पाडून येडशीजवळच्या वस्तीवर आणलं. भीती काय असते, ते मला घणाखालीसुद्धा कळलं नव्हतं. ते कळलं करिश्मामुळं.

करिश्मा गजराबाईंची सून. तिचा नवरा रामहरी हायवेवरच्या ढाब्यावर कामाला. पगार थोडा, म्हणून किराणा मोजका. पण बांधावरचा तांदुळजा, अंगणातला शेवग्याचा पाला, घरचे हुलगे माझ्यात शिजायचे आणि भाकरीबरोबर सगळ्यांचं भागायचं.

सुनेला दिवस गेले आणि गजराबाईंनी मला चुलीवरून उतरवलं. माझ्यात पालेभाजी काळी पडते. पोटुशीनं काळं खाल्लं की लेकरू काळं निपजतं, हे त्यांच्या मनात पक्कं बसलेलं. मी न्हाणीमागं गेले. जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची चकचकीत कढई आली. सुनेच्या ताटात पांढरा भात, साबुदाणा, दुधात बिस्किटं. किराण्याच्या पैशांतून केशराची डबी आली, तेव्हा डाळ आणखी पातळ झाली.

न्हाणीमागून मला करिश्मा दिसायची. ओठ पांढरे, पाय सुजलेले. एकदा घागर उचलता उचलता ती भिंतीला धरून खालीच बसली. नर्सताईंनी रक्त तपासलं.

"रक्त फार कमी आहे. गोळ्या चुकवू नका, पालेभाजी, कडधान्य लोखंडी कढईत शिजवून द्या, त्यातलं लोह अंगी लागतं. असंच राहिलं तर बाळंतपणात जिवावर बेतेल."

गजराबाईंनी मान डोलावली आणि साबुदाणाच भिजत घातला.

त्याच आठवड्यात भंगारवाला आला. गजराबाईंनी मला त्याच्या काट्याला लटकवलं. मी हादरले. मी गेले तर या पोरीचं काय?

"आत्या, ती देऊ नका," करिश्मा दारातून म्हणाली.

"काळं लेकरू पायजे व्हय तुला?"

"काळं तर काळं. मी वाचले तर बघीन ना त्याला!"

"मावशी, मला भंगार पायजे, भांडण न्हाय," भंगारवाला कुरकुरला.

गजराबाई सुनेच्या ओठांकडं बघत राहिल्या. मग त्यांनी मला काट्यावरून ओढून काढलं.

पुन्हा माझ्यात पाला शिजू लागला. वरून लिंबू, जोडीला गोळ्या. तरी माझी धास्ती जाईना.

काल कळा सुरू झाल्या. जीप करिश्माला आणि गजराबाईंना सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. चूल विझली. मी कोरडी पडून प्रत्येक गाडीचा आवाज ऐकत राहिले.

आज सकाळी गजराबाई एकट्याच आल्या. त्यांच्या तोंडाकडं बघायचा मला धीर होईना. त्या शेपू निवडायला बसल्या. शेजारच्या लक्ष्मीबाई धावत आल्या.

"काय झालं गं?"

"पोरगी."

"रंग कसा हाय?"

"कुणी बघितला! रातभर सुनेचंच तोंड बघत बसले. पहाटं डोळे उघडून भूक लागली म्हणली. सरक, डबा न्यायचाय."

आता माझ्यात तेल तापतंय, तरी कालची धास्ती उतरत नाही. बायांनो, पोटुशीच्या ताटातली भाजी काळी दिसली तर खाऊ द्या तिला. घाबरायचंच असेल, तर तिच्या पांढऱ्या पडलेल्या ओठांना घाबरा.