विमानावरचं लिंबू

नौबादचा श्रीहर्षसाहेब आमच्या योगीराजला फोनवर चोर म्हणला, तवा मी भाकऱ्या थापायले होते. पिठाच्या हातानंच भावाचा फोन हिसकून घेतला अन् विचारलं, "काय चोरलं वो साहेब यानं? विमान? ते कुठं ठिवलंय, आमच्या गोठ्यात?"

साहेब गप. शिकलेली माणसं आधी गप व्हतात, मग इंग्रजीत बोलतात.

पण पहिल्यापासून सांगते, न्हाई तर तुम्हाला वाटंल ही धनलक्ष्मी उगं भांडकुदळ हाय. भांडकुदळ हाय मी, पण उगं न्हाई.

बीदर जिल्ह्यातल्या मन्नाएखेळ्ळीत हायवेला लागून आमचं शेड हाय. आमचे अप्पा, रेवणप्पा, लॉऱ्या रंगवतात. आजा मेंढरं राखायचा, अप्पानं ब्रश धरला. लॉरीच्या मागं मोर, कमळ, मालकाच्या मायचं नाव, सगळं हातानं. आमची माय तानुबाई एकदा चिडून म्हणली, "दुनियेच्या माया रंगवतोस, माझं नाव कवा लिवणार?" तवापासून शेडातून निघणाऱ्या हर गाडीच्या मागच्या कोपऱ्यात 'तानुबाईचा आशीर्वाद' असतंय. बायकोचा आशीर्वाद वाटत फिरणारा नवरा आख्ख्या तालुक्यात एकच. एका ड्रायव्हरनं ते खरवडलं अन् हुमनाबादला जाईस्तोवर त्याचं टायर बसलं. त्या दिवसापासून कोणी हात लावत न्हाई. अन् पुढं लिंबू-मिरची बांधल्याबिगर माय गाडी सोडत न्हाई, मालकाला पटो न पटो.

योगीराज ह्याच घरातला, पण ब्रशला कधी शिवला न्हाई. त्याला कंप्युटर पायजे. कंप्युटरवर विमान उडवायचा एक खेळ हाय. पोरखेळ न्हाई, खऱ्या विमानासारखी सगळी बटनं, खरे विमानतळ, खरं धुकं. फकस्त त्यातली विमानं कोरी पांढरी येतात. मग जगभरातले हौशी लोक खऱ्या कंपन्यांचे रंग, नाव, चिन्ह हुबेहूब काढून विमानावर चढवतात अन् इंटरनेटवर फुकट ठिवतात. ज्याला पायजे त्यानं घ्यावं. योग्या तेच करायचा. "हाताला रंगाचा डाग न्हाई, हे कसलं रंगवणं?" अप्पा म्हणायचे. कोणी लॉरीवाल्यानं विचारलं, पोरगं काय करतंय, तर सांगायचे, "बटनं दाबतंय."

तेवढ्यात बोंब उठली की नीलपंख एअर नावाची कंपनी बीदरहून बेंगळूरला विमान चालू करायलीय. योग्यानं लगेच त्या कंपनीचं विमान रंगवायला घेतलं. निळी शेपटी, त्यावर पांढरं पीस, अंगावर ठसठशीत नाव. कित्येक महिने डोळे फोडले. पिसाची एकेक रेघ मोठी करकरून काढली. झाल्यावर मायला दावलं. मायनं चष्मा लावला, बघितलं अन् म्हणली, "लिंबू कुठाय?"

"माय, विमानाला लिंबू नसतंय."

"कामून? त्याला नजर लागत न्हाई व्हय? आख्खा गाव मान वर करून त्यालाच बघतोय की!"

योग्यानं पायलटच्या काचंखाली लिंबू अन् मिरच्या काढल्या, शेपटीच्या कोपऱ्यात 'तानुबाईचा आशीर्वाद' लिवलं, अन् बीदरच्या किल्ल्यावरून विमान जातानाच्या फोटोसकट सगळं इंटरनेटवर ठिवलं. रोज सकाळी त्याचं विमान कंप्युटरवर बीदरहून वेळेवर उडायचं. खऱ्या कंपनीचं अजून एक चाक बी बीदरला टेकलं नव्हतं.

मग कंपनीनं बीदरच्या काउंटरवर इथलीच पोरं घ्यायची ठरवली. योग्या मुलाखतीला गेला अन् त्याला घेतलं! आमच्या खानदानात पहिल्यांदा कोणी इस्त्रीचा शर्ट घालून कामाला जाणार होतं. नेमणुकीचा कागद उद्घाटनाच्या दिवशी स्टेजवर मिळणार, असं कळवलं. माय गावभर सांगून आली, "माझं लेकरू विमानात लागलं." योग्या आरशासमोर उभं राहून "वेलकम सर" म्हणायलाला. त्याला ती नोकरी किती पायजे होती, ते मला ठावं.

अन् मग तो फोन. श्रीहर्ष म्हणजे बीदरच्या नौबाद भागातल्या रिटायर तहसीलदार अच्युतरावांचा पोरगा. नीलपंखमध्ये 'ब्रँड' सांभाळतो. ब्रँड म्हणजे काय म्हणून विचारलं, तर म्हणला, "कंपनीची अब्रू."

"तुमच्या भावानं परवानगीशिवाय आमचं नाव आणि चिन्ह वापरलंय," साहेब म्हणला. "ही चोरी आहे."

"साहेब, चोर दुसऱ्याच्या मालावरचं नाव खोडतो. यानं तर आपल्या मालावर तुमचं नाव लिवलं! असला चोर बघितला का कुठं?"

"मुद्दा तो नाही, ताई. आणि वर ही लिंबू-मिरची! ह्या तानुबाई कोण? आमची विमान कंपनी आहे, टेम्पो नाही."

"तानुबाई माझी माय हाय."

साहेब जरा खोकला.

परवानगी घ्यायला पायजे होती, मान्य. तेवढं मला बी कळतंय. पण कायदा लावला नावाला, अन् साहेबाला झोंबलं होतं लिंबू. हुकूम सुटला: इंटरनेटवरून सगळं काढा, माफीचा व्हिडिओ करून द्या, न्हाई तर नोकरी विसरा. माफी बी साहेबानंच लिवून पाठवली. योग्यानं इस्त्रीचा शर्ट घालून ती फोनसमोर वाचली. "लिंबू-मिरचीसारख्या गावंढळ गोष्टी लावून मी एका आधुनिक कंपनीची प्रतिमा मलिन केली. मला लाज वाटते." कंपनीनं व्हिडिओ इंटरनेटवरच्या आपल्या पानावर चढवला. मायनं तो बघितला अन् त्या दिवशी निघालेल्या लॉरीला लिंबू बांधलं न्हाई. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण योग्या हात जोडून म्हणला, "अक्का, गप बस. नोकरी जाईल." बसले गप. एवढी गप मी माझ्या लग्नात बी बसले नव्हते.

उद्घाटन बीदरच्या एका मंगल कार्यालयात होतं. विमानाचं उद्घाटन मंगल कार्यालयात कामून, तर विमान अजून यायचं होतं. सत्कार मात्र वेळेवर आले. आधी पाहुण्यांचा सत्कार, मग सत्कार करणाऱ्यांचा, मग मंडपवाल्याचा. शाली संपल्या तवा पहिल्या रांगेतल्या मागून घेऊन परत फिरवल्या. आम्ही चौघं तिसऱ्या रांगेत बसलेलो. शेवटी कंपनीच्या मोठ्या साहेबांनी दोरी ओढली, स्टेजमागचा पडदा सरकला अन् भिंतीएवढं फ्लेक्स दिसलं. बीदरचा किल्ला, वर निळ्या शेपटीचं विमान. टाळ्याच टाळ्या.

त्या टाळ्यांत माय उभी राहिली अन् जोरात वरडली, "अगं बया! माझं लिंबू!"

खरंच की वो! पायलटच्या काचंखाली लिंबू, मिरच्या, अन् शेपटीवर 'तानुबाईचा आशीर्वाद', हातभर अक्षरांत. कंपनीजवळ बीदरवरून उडणाऱ्या विमानाचा फोटोच नव्हता. असणार कुठून? योग्यानं सगळं काढायच्या आधी त्यांच्याच कोणीतरी चांगला दिसला म्हणून उचलला अन् नीट न बघता छापला. परवानगी? ती फकस्त आम्ही घ्यायची असती. श्रीहर्षसाहेब पांढराफटक पडला.

पण मोठे साहेब पोचलेले. माइक धरून म्हणले, "ही आमच्या ब्रँड टीमची कल्पना! या मातीतली लिंबू-मिरची, आईचा आशीर्वाद! आम्हाला स्थानिक संस्कृतीचा अभिमान आहे." अन् शाल कोणाला घातली? श्रीहर्षला! त्यानं ती घेतली बी.

मग मात्र माझं डोकं सरकलं. योग्या हात धरायलाला, मी झटकला. स्टेजवर गेले, फोन काढला अन् कंपनीच्याच पानावरचा व्हिडिओ माइकला लावला. योग्याचा आवाज आख्ख्या कार्यालयात घुमला. "लिंबू-मिरचीसारख्या गावंढळ गोष्टी... मला लाज वाटते." शेवटच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळं कार्यालय हसलं.

"आता लाज कुणाला वाटायला पायजे वो साहेब?" मी विचारलं.

मोठ्या साहेबांनी हसत हसतच योग्याला वर बोलावलं. नेमणुकीचा कागद नारळासंगट ताटात ठिवून पुढं केला, फोटोवाल्याला खूण केली. "हाच आपला कलाकार! घे बाळ."

योग्या कागदाकडं बघत राहिला. मला वाटलं, घेतो. घ्यावा असं बी वाटलं, खोटं कामून बोलू? तो म्हणला, "साहेब, आधी ती माफी तुमच्या पानावरून काढा. माय बसलीय समोर."

मोठ्या साहेबांनी श्रीहर्षकडं बघितलं. श्रीहर्ष शाल सावरत म्हणला, "लीगलला विचारावं लागेल."

"इचारा," म्हणून योग्या खाली उतरला. कागद ताटातच राहिला. नारळ तेवढा मायनं पिशवीत टाकला.

फ्लेक्स अप्पानं मागून आणलं. कार्यक्रम झाला की फ्लेक्स कोणाच्या तरी शेडाला जातंय, ही आमच्याकडची रीतच हाय. अप्पानं ते हायवेकडच्या बाजूला बांधलं. लॉरीवाले थांबून विचारायले, "विमान इथून सुटतंय काय?" आठवड्यात श्रीहर्षचा फोन आलाच. शेडावर कंपनीचं नाव अन् चिन्ह हाय, ते काढा, न्हाई तर कारवाई. योग्याची माफी अजून तिथंच होती. ती काढायला लीगलला सवड नव्हती, ह्याला बरी होती.

मी पदर खोचून फोनकडं धावले. पण अप्पा नुसतं "व्हय" म्हणले. शिडी लावली, वर चढले, नीलपंखाचं नाव पांढऱ्या रंगानं झाकलं. शेपटीवरचं पीस बी झाकलं. मायचं नाव तसंच ठिवलं अन् लिंबापाशी थांबले.

"मिरचीचा देठ बरा काढलास," ते वरूनच म्हणले.

योग्या खाली शिडी धरून उभा होता.

"हिरवा दे रे, पेंटर. हिच्यावर पांढरं उडालंय."

योग्यानं डबा उघडून वर दिला. त्याच्या मनगटापर्यंत हिरवा रंग आला. त्यानं तो पुसला न्हाई.