उद्याचा तक्ता

"तक्रार केलेल्या सिस्टर कोण?" तपासनीस साहेबांनी भर वॉर्डात विचारलं, तेव्हा सिस्टरच्या पायाखालची जमीन सरकली. नाव गुप्त ठेवू, असं वृद्धाश्रमांची तपासणी करणाऱ्या सरकारी मंडळानं लिहून दिलं होतं. गुप्त कसलं डोंबलाचं. मंडळाकडे पाठवलेला तिचा अर्ज चार दिवस मेट्रनबाईंच्या टेबलावरच पडून होता.

"मीच," ती म्हणाली.

अर्जात गोष्ट एकच होती. या वृद्धाश्रमात अंथरुणाला खिळलेल्या एका आजींची कूस दर दोन तासांनी बदलायची असते. ती कुणी बदलत नव्हतं, आणि आजींच्या पाठीची जखम हाडापर्यंत पोचली होती. तपासणीची तारीख मंडळानं आठवडाभर आधीच कळवलेली. मग काय, आज चादरी धुतलेल्या आणि जखमेवर कोरी करकरीत पट्टी.

"पट्टी काढून बघा ना, साहेब."

"मी डॉक्टर नाही." त्यांनी पलंगाला अडकवलेला तक्ता पाहिला. "हे तर सगळं व्यवस्थित भरलंय की."

"आत्ता अकरा वाजलेत. तक्त्यात संध्याकाळी सहापर्यंत कूस बदलून झालीय. सह्यांसकट."

साहेबांनी चष्मा वर केला, खाली घेतला. "तुमच्या अर्जात जखमेचा मुद्दा आहे, तक्त्याचा नाही. त्यासाठी वेगळा अर्ज करा." आणि मेट्रनबाईंबरोबर चहाला गेले. सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इथे जिवंत माणूस सडतंय आणि यांना मुद्दा हवा.

दुपारी मेट्रनबाईंनी बोलावलं. "उद्यापासून येऊ नका. संस्थेची अब्रू घालवलीत. तुम्हाला काय कमी केलं होतं आम्ही?"

"मला नाही. आजींना केलंत."

ती परत पलंगाशी आली. आजच्या तक्त्याखाली उद्याचाही भरून तयार होता. सकाळी आठ, डावी कूस. सही तिची. दहा, उजवी कूस. सही तिचीच, कुणीतरी गिरवून केलेली. जिला उद्या फाटकातून आत घेणार नव्हते, तिच्या नावावर उद्याचं काम आजच उरकून टाकलं होतं.

वेगळा अर्ज करायचा तर जोडायला काहीतरी हवंच. तिनं तो कागद घडी घालून खिशात ठेवला. मग एक हात आजींच्या खांद्याखाली घातला, एक कमरेखाली, आणि सावकाश त्यांना वळवलं. आजी कण्हल्या, मग त्यांनी सुटल्यासारखा श्वास सोडला.

"बाकीच्या ओढतात गं नुसत्या. उद्या आहेस ना तू?"

"कागदावर आहे, आजी," ती म्हणाली, आणि त्यांच्या पाठीशी उशी लावली.